आपल्या डोळ्यांतील मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि बहुधा ती दुसऱ्यालाच ऐकवीत आलों आहों. प्रस्तुत लेखकास ती स्वतःस लावून पाहण्याचा प्रसंग दोन मराठी पुस्तकांनीं आणला. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी (1960) आणि लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन (1987) हीं तीं पुस्तकें. दोहोंची स्तुति मराठींत विपुल झाली आहे. येथें परीक्षण करावयाचें आहे तें पुस्तकांचें नव्हे. तीं वाचणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाचें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं अकोल्यास एका स्नेह्यांच्या घरीं आमची छोटीशी वाचनमंडळी जमत असे. एका बैठकींत ‘धग’ वाचण्याचें काम माझ्याकडे आलें. शिंप्याच्या गरीब घरांतील कौतिक ही या कादंबरीची नायिका. संसाराचा भार पेलण्यास असमर्थ असा नवरा, त्यांत पुढें त्याला जडलेला महारोग, आणि या सर्वांशीं झुंजतां झुंजतां खचत जाणारी ही बाई, असें तें कथानक आहे. पात्रांचीं भाषणें अस्सल वऱ्हाडी बोलींत आहेत. मी वाचूं लागलों, आणि पहिल्याच ‘मले’, ‘तुले’ला मंडळींत हंशा पिकला. वाचणाऱ्यास हंशा गोड लागतो. मीं स्वर अधिक लांबविले, हेल अधिक काढले. कौतिकेवर संकटें कोसळूं लागलीं तरी हंशा थांबला नाहीं. कारण मीच तो थांबूं दिला नाहीं.

त्या घरीं कामास असलेल्या बाई चहाचें तबक घेऊन दाराशीं उभ्या होत्या. त्या हंसल्या नाहींत. मी निघालों तेव्हां त्यांनीं हलकेच विचारलें, “मंग त्या बाईचं पुढं काय झालं जी?” आम्हां दहा-बारा रसिकांपैकीं हा प्रश्न कोणासही सुचला नव्हता.

आतां आम्ही हंसलों तें कशास? ती बोली आम्हांस परकी नव्हती. माझी आजी मरेपर्यंत ‘मले’च म्हणत होती आणि मी तिला कधींच हंसलों नाहीं. पण शाळेच्या पुस्तकानें ती बोली वर्गाबाहेर ठेवली, रंगभूमीनें आणि बोलपटानें ती गड्याच्या व विदूषकाच्या तोंडीं घातली, आणि आमचा कान नकळत त्या शिकवणुकींत तयार झाला. मराठीच्या आद्य गद्यग्रंथांतील ‘लीळाचरित्र’ याच अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें लिहिलें गेलें, ही गोष्ट आम्ही सभांतून अभिमानानें सांगत होतों. परंतु त्याच मातींतील बाई आपल्या बोलींत दुःख सांगूं लागतांच आम्हांस गंमत वाटली.

याहून सूक्ष्म दोष आमच्या स्तुतींत आहे. ‘धग’विषयीं लिहितांना मींच ‘मातीचा वास असलेली रांगडी भाषा’ असे शब्द योजले होते. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील भाषेंत लिहिलेल्या कादंबरीस कोणत्या मातीचा वास येतो, हें सांगण्याचें कोणा टीकाकाराच्या मनांत येत नाहीं. एक भाषा ती केवळ भाषा, आणि दुसरी ती माती, ही वांटणी मीं विचार करून केली नव्हती. म्हणूनच ती अधिक भयंकर. पुढच्या आठवड्यांत मीं त्या बाईंस आग्रहानें बैठकींत बसविलें आणि उरलेलीं प्रकरणें साध्या स्वरांत वाचलीं. कोणी हंसलें नाहीं. माझे दोन उच्चार त्यांनीं दुरुस्त केले.

एवढ्यावरून माझी दृष्टि स्वच्छ झाली असें मीं मानलें. ‘उचल्या’नें तो भ्रम घालविला. इंग्रज सरकारनें 1871 मध्यें जो कायदा केला, त्यानें जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा रद्द होऊन त्या जमाती 1952 मध्यें मुक्त झाल्या. परंतु शिक्का कागदावरून पुसला तरी लोकांच्या मनावरून पुसला नाहीं. अशा शिक्क्याखालीं वाढलेल्या मुलाची ती कहाणी आहे. साहित्य अकादमीनें 1988 मध्यें तिचा गौरव केला. मीही अमरावतीस माझ्या घरीं बसून तिच्यावर एक सहानुभूतिपर टिपण लिहीत होतों. त्याच सकाळीं सीताफळें विकावयास एक पारधीण दारीं येऊन गेली. दुपारीं चांदीची एक वाटी सांपडेना. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, “पारधीण येऊन गेली ना?” त्या सकाळीं गवळी आला होता, वर्तमानपत्रवाला आला होता, माझा पुतण्याही येऊन गेला होता, त्यांचें नांव कोणीच घेतलें नाहीं. संध्याकाळीं वाटी देवघरांत निर्माल्याच्या परडींत निघाली. टेबलावर माझें टिपण तसेंच पडलें होतें.

विद्येनें हा दोष आपोआप जातो असें कोणी समजूं नये; पुष्कळदां विद्याच त्याला वस्त्र नेसविते. 1901 च्या खानेसुमारीचे आयुक्त रिस्ले यांनीं नाकांचीं मापें घेऊन जातींची उच्चनीचता वंशावर बसविण्याचा उद्योग केला. डॉ. आंबेडकरांनीं 1948 मध्यें नासिकामापनाच्याच आंकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश भिन्न ठरत नाहींत असें दाखविलें. त्यापूर्वीं इरावती कर्वे यांनीं बर्लिन येथें, गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते असलेल्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं, कवट्यांचा अभ्यास केला, आणि गुरूंस अपेक्षित असलेला वंशभेद त्यांत आढळत नाहीं हा निष्कर्ष निर्भयपणें मांडला. मोजपट्टी हातीं घेण्यापूर्वींच उत्तर मनांत तयार असतें, तें बाजूस ठेवण्याचें धैर्य हीच खरी विद्या.

1927 मध्यें अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीं चळवळ झाली आणि नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं तेथें परिषद भरली. त्या वेळीं अन्यायाला दार होतें. तें बंद दिसत होतें, म्हणून ठोठावतां येत होतें. आमच्या मनांतील दाराला कडी आहे हें आम्हांसच ठाऊक नाहीं. अशा अजाण ग्रहांचें मापन करणारी एक चांचणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 1998 मध्यें पुढें आणली. एकट्या माणसाच्या बाबतींत ती कितपत विश्वसनीय, याविषयीं तज्ज्ञांत वाद आहे. माझी चांचणी त्या वाटीनें घेतली, तींत वादास जागा नाहीं.

मग उपाय कोणता? केवळ सद्भावनेचा संकल्प पुरत नाहीं. माझ्यापाशीं तो दोन्ही वेळां होता. एक संवय मात्र उपयोगीं पडते: जो उद्गार दुसऱ्याविषयीं निघाला, तो आपल्या माणसास लावून पाहावा, आणि लागत नसेल तर मागें घ्यावा. दुसरी गोष्ट अशी कीं, ज्यांच्याविषयीं आपण बोलतों त्यांना बोलूं द्यावें व आपणांस दुरुस्त करूं द्यावें. अमरावती जिल्ह्यांतील मंगरूळ चव्हाळा येथें 2012 मध्यें फासेपारधी मुलांसाठीं जी शाळा उभी राहिली, तिचें नांव ‘प्रश्नचिन्ह’ आहे. तें चिन्ह त्या मुलांपुढें नसून आपल्यापुढें आहे.

पुढच्या महिन्यांत ती पारधीण पुन्हां आली. तिनें टोपली उतरविली, हंसून भाव सांगितला, आणि लेकरासाठीं म्हणून एक फळ वर टाकलें. मधल्या काळांत तिच्यावर काय आळ आला होता याची तिला कल्पना नव्हती. मला होती, आणि तिच्याकडे सरळ पाहणें त्या दिवशीं मला जमलें नाहीं.