ना जवान, ना किसान : ‘उपकार’मधला मलंगचाचा

आज आपण १९६७च्या ‘उपकार’बद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही प्राणच्या मलंगचाचाबद्दल. या भूमिकेला फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ‘खलनायक प्राण इथे चांगला माणूस झाला’, असं तेव्हापासून सगळे म्हणत आले. आम्हाला हे वाक्य अपुरं वाटतं.

एक तर ते तपशिलाला धरून नाही. १९६५च्या ‘शहीद’मध्ये प्राणने केहरसिंग हा डाकू केला, त्यात माणुसकी होतीच. आणि ‘उपकार’च्याच वर्षी ‘राम और श्याम’मध्ये तो चाबूक घेऊन उभा आहे. म्हणजे सुधारला वगैरे काही नाही. मग मलंगमध्ये वेगळं काय?

काळ आठवा. १९६५चं युद्ध, धान्याची टंचाई. शास्त्रीजींनी आठवड्यातून एका वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा त्यांची, आणि तिच्यावर चित्रपट काढा असं मनोजकुमारना सुचवलंही त्यांनीच. तो पाहायला मात्र ते राहिले नाहीत. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं.

आता बघा, नायक भारत म्हणजे ती घोषणाच आहे. आधी नांगर, मग बंदूक. पण जो घोषणेत बसत नाही, त्याचं काय? मलंग कुबडीवर चालतो. त्याला नांगर धरता येत नाही, बंदूकही नाही. त्याच्याजवळ आहे फक्त जीभ, तीही कडू. ग्रीक डायोजेनिस भर दिवसा दिवा घेऊन माणूस शोधत फिरायचा म्हणतात; मलंग त्याच्याच गोतातला. ज्याला कुणाकडून काही मिळवायचं नाही, त्यालाच खरं बोलणं परवडतं. म्हणून साठेबाजी आणि काळ्या बाजाराबद्दल तो जे सुनावतो, ते झोंबतं. भारत बोलतो तेव्हा आपण टाळी वाजवतो. मलंग बोलतो तेव्हा जरा चुळबुळतो.

हे अभिनयाने कसं साधलं? प्राण प्रत्येक भूमिकेला एखादी लकब द्यायचा. ‘जिस देश में गंगा बहती है’मधला राका गळ्याभोवती बोट फिरवतो, आठवतं ना? मलंगची लकब म्हणजे कुबडीच. तिच्यामुळे हातांना मोकळीक नाही. सगळा भार डोळ्यांवर आणि आवाजावर. मन्ना डे यांच्या आवाजातलं, नात्यांचा पोकळपणा सांगणारं ते गाणं पुन्हा पाहा. तिथे प्राण दया मागत नाही. आणि आपण त्याला वर्षानुवर्षं दुष्टपणा करताना पाहिलेलं असतं, त्याचाही उपयोग होतो. माणूस किती खाली जाऊ शकतो हे या चेहऱ्याला ठाऊक आहे, असं वाटतं. एखाद्या सोज्ज्वळ नटाच्या तोंडी तेच शब्द उपदेश ठरले असते.

दोनच वर्षांनी ‘आँसू बन गए फूल’साठी प्राणला हेच पारितोषिक पुन्हा मिळालं. तो चित्रपट आपल्या कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’वरून केलेला.

‘उपकार’मध्ये दोष आहेत. शहर आणि पाश्चात्त्य ते वाईट, गाव तेवढं चांगलं, ही वाटणी फार सोपी आहे. पण मलंग त्या वाटणीत मावत नाही, आणि म्हणून तो आज आपल्या कामाचा आहे. आपण इथे कॉटन ग्रीनला बसलोय, आजूबाजूला गोदामं. या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या हमाल राहिले, गोदी कामगार राहिले, गिरणीवाले राहिले. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती ना नांगर, ना बंदूक. युद्धाच्या दिवसांत अशा माणसाने देशासाठी काय करायचं? प्राणचा मलंग त्याचं उत्तर देतो: गोदामाला कुलूप कुणी लावलं, आत माल किती आहे आणि भाव का चढला, हे मोठ्याने विचारायचं. असं विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणणं सोपं असतं. १९६७च्या या देशभक्तिपर चित्रपटाने मात्र त्याला चाचा म्हटलं.

आज इतकंच. प्रश्न असतील तर घेऊ या.