गावाची अब्रू : आयरिश साहित्यातील हर्लिंग आणि काउंटी स्पर्धांचे वास्तव

गोषवारा

हर्लिंग या आयरिश खेळाचे साहित्यातील चित्रण प्रामुख्याने वीरपुरुष आणि राष्ट्र या दोन कल्पनांभोवती फिरत राहिले आहे. प्रत्यक्षात या खेळाचा पाया स्थानिक क्लब हा असून त्याची खरी कसोटी दरवर्षी काउंटीच्या अजिंक्यपद स्पर्धेत लागते. प्राचीन वीरकथा, चार्ल्स किकम यांची 'नॉकनागो' ही कादंबरी आणि जेम्स जॉइस यांच्या दोन कादंबऱ्या यांतील हर्लिंगचे स्वरूप या वास्तवाच्या कसोटीवर तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : हर्लिंग, क्लब, पॅरिश, काउंटी स्पर्धा, स्थाननिष्ठा, आयरिश कादंबरी.

प्रास्ताविक

हर्लिंग हा काठी आणि चेंडू यांचा खेळ होय. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद होत गेलेली काठी आणि चामड्याने मढवलेला लहान चेंडू एवढेच त्याचे साहित्य. हॉकीशी त्याचे दूरचे साम्य असले, तरी चेंडू हवेत टोलवणे, हाताने झेलणे आणि काठीवर तोलून धावणे या गोष्टी हर्लिंगला मान्य असल्यामुळे त्याची गती निराळीच असते. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. आडव्या दांड्याखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, वरून गेला तर एक गुण आणि एक गोल म्हणजे तीन गुण, अशी त्याची मोजणी आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या खेळाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

'वारसा' म्हणून एखाद्या गोष्टीचा गौरव झाला की तिचे चालते-बोलते रूप नजरेआड होण्याचा धोका असतो. हर्लिंगच्या बाबतीत हा धोका जुना आहे आणि त्याचे मूळ बऱ्याच अंशी साहित्यात आहे. त्यामुळे साहित्याने या खेळात काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

१. एकट्याचा पराक्रम

आयरिश वीरकथांत हर्लिंगचा सर्वात प्रसिद्ध खेळाडू म्हणजे बालपणीचा कूखुलिन. 'टॉन बो कूलिन्ये' या प्राचीन आख्यानात त्याच्या बाललीला येतात. त्या वेळी त्याचे नाव सेटांटा. घर सोडून राजधानीकडे निघालेला हा मुलगा वाट सरावी म्हणून काठी आणि चेंडूशी खेळत एकटाच चालतो. तेथे पोहोचल्यावर दीडशे मुलांच्या जमावाला एकटाच भारी पडतो. पुढे कुलान या लोहाराच्या हिंस्र कुत्र्याला ठार करून 'कुलानचा श्वान' हे नवे नाव मिळवतो.

या प्रसंगांतील समान सूत्र एकाकीपणाचे आहे. सेटांटाला संघ नाही. त्याच्या बाजूने कोणी चेंडू पुढे सरकवत नाही. खेळ ही येथे भावी योद्ध्याची पूर्वखूण आहे. वीरकथेच्या प्रकृतीला हे साजेसेच म्हणावे लागेल. परंतु हीच प्रतिमा पुढे खेळाची आदिप्रतिमा म्हणून स्वीकारली गेली, तेव्हा सांघिक खेळाला एकट्या वीराचा मुखवटा चढला.

२. 'नॉकनागो' : अब्रूची कल्पना

टिपररी काउंटीतील मलिनहोन या गावाशी निगडित असलेले चार्ल्स किकम (१८२८–१८८२) यांची 'नॉकनागो' ही कादंबरी १८७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या संस्थेची स्थापना त्यानंतर अकरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, त्याच काउंटीतील थर्ल्स येथे मायकेल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आदींच्या पुढाकाराने झाली. किकम त्यापूर्वीच निवर्तले होते. म्हणजे संस्थेने ज्या भावनेला नियमांचे रूप दिले, ती भावना कादंबरीत आधीच शब्दबद्ध झालेली होती.

कादंबरीत हर्लिंग आहे. तथापि वाचकांच्या स्मरणात राहिला तो अवजड हातोडा फेकण्याच्या चुरशीचा प्रसंग. मॅट डोनव्हन हा कष्टकरी तरुण आणि जमीनदार वर्गातील कॅप्टन फ्रेंच यांच्यात ही चुरस होते. निर्णायक क्षणी मॅटच्या डोळ्यांपुढे आपले लहानसे गाव उभे राहते आणि त्या गावाची अब्रू राखण्यासाठी तो हातोडा फेकतो.

या प्रसंगाने एक मोठी गोष्ट साधली. पराक्रमाचे श्रेय वंशाला किंवा राजाला न जाता मूठभर घरांच्या वस्तीला गेले. वीरकथेच्या तुलनेत हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. मर्यादा मात्र कायम राहते. अब्रू गावाची असली तरी ती राखणारा एकच असतो. गावकरी केवळ प्रेक्षक राहतात.

किकम यांच्या कादंबरीचे खरे मोल या प्रसंगाच्या पलीकडे आहे. कथेच्या अखेरीस गाव उरत नाही. जमीनदारी व्यवस्थेत लोकांना घरांतून काढले जाते, माणसे पांगतात. ज्याची अब्रू राखली ते गावच नाहीसे होते. मैदानावरील विजय घराचे छप्पर वाचवू शकत नाही, ही जाणीव किकम यांना होती. उत्सवी भाषणांत मॅटचा हातोडा आठवला जातो. उजाड झालेले गाव आठवले जात नाही. कादंबरीचे हे अर्धे वाचन पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावे लागेल.

३. जॉइस : चिन्ह झालेला खेळ

जॉइस यांनी हर्लिंगकडे संशयाने पाहिले. १९१६ च्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' या कादंबरीतील डेव्हिन हा शेतकरी कुटुंबातून आलेला विद्यार्थी स्टीफनला एक हकिकत सांगतो. बटेव्हंट येथे तो हर्लिंगचा सामना पाहायला गेलेला असतो; चुलतभाऊ मैदानात असतो; परतीला वाहन मिळत नाही; रात्री डोंगरवाटेने चालताना तो एका घराचे दार ठोठावतो आणि तेथील तरुण स्त्री त्याला रात्री राहण्याचा आग्रह करते. स्टीफनच्या मनात घर करते ती ही स्त्री. तिच्यात त्याला आपल्या साऱ्या समाजाची प्रतिमा दिसते. सामना केवळ त्या भेटीपर्यंत नेणारी वाट ठरतो.

'युलिसिस'मध्ये (१९२२) हा संशय उघड उपहासाचे रूप घेतो. 'सिटिझन' हे पात्र क्यूसॅक यांच्यावर बेतलेले असल्याचे अभ्यासक मानतात. दारूच्या गुत्त्यात बसून प्राचीन आयरिश खेळांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा रंगते आणि निवेदन वर्तमानपत्री वृत्तान्ताची नक्कल करू लागते. येथे खेळ खेळला जात नाही, बोलला जातो. मैदानावरची गोष्ट घोषणेत शिरली की तिचे काय होते, हे जॉइस यांनी अचूक हेरले आहे.

परंतु या उपहासाचा रोख घोषणेवर आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. राष्ट्रवाद्यांनी हर्लिंगला इंग्रजी खेळांविरुद्धचे शस्त्र मानले. जॉइस यांनी ते शस्त्र बोथट असल्याचे दाखवले. दोघांनीही खेळाला राष्ट्राचेच चिन्ह मानले. बटेव्हंटच्या त्या मैदानावर जमलेल्यांना त्या दिवशी इंग्लंडपेक्षा समोरच्या संघाची चिंता अधिक असणार, ही साधी गोष्ट या वादात हरवली.

४. काउंटी स्पर्धा : शेजारी हाच प्रतिस्पर्धी

क्लबचे वास्तव या चिन्हांहून वेगळे आहे. ग्रामीण भागात क्लबची हद्द बहुधा पॅरिशशी, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्राशी जुळते. खेळाडू ज्या पॅरिशचा, त्याच क्लबचा, हा संकेत अनेक काउंट्यांत नियमाइतकाच बलवान आहे. खेळाबद्दल वेतन नाही. काउंटीच्या संघातून हजारोंच्या साक्षीने खेळणारा खेळाडूही आपल्या क्लबकडे परततो आणि शेजारच्या दुकानदाराच्या, शिक्षकाच्या किंवा गवंड्याच्या बरोबरीने उभा राहतो.

इतिहासही क्लबचे प्राधान्य सांगतो. १८८७ च्या पहिल्या अखिल आयर्लंड स्पर्धेत काउंटीचे प्रतिनिधित्व तिचा विजेता क्लबच करीत असे. १ एप्रिल १८८८ रोजी बर येथे झालेल्या अंतिम सामन्यात टिपररीचा म्हणून जो संघ जिंकला तो थर्ल्सचा आणि गॅलवेचा म्हणून जो हरला तो मीलिकचा. पुढे विजेत्या क्लबला इतर क्लबांतील खेळाडू घेण्याची मुभा मिळाली आणि हळूहळू निवडक खेळाडूंचा काउंटी संघ क्लबहून मोठा झाला. विजेत्या क्लबांची स्वतंत्र अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू व्हायला १९७०–७१ चा हंगाम उजाडावा लागला.

काउंटी स्पर्धेत समोरचा संघ परका नसतो. तो पलीकडच्या पॅरिशचा असतो. त्यात मेहुणा असतो, शाळासोबती असतो, कामावरचा सहकारी असतो. रविवारी ज्याच्याशी झुंज घ्यायची, त्याच्याच शेजारी सोमवारी काम करायचे असते. त्यामुळे येथील वैर तीव्र असूनही त्याला सहवासाची मर्यादा असते. राष्ट्राच्या रूपकात ही गुंतागुंत बसत नाही, कारण त्या रूपकाला शत्रू दूरचा लागतो.

येथे पराक्रमही वाटून घेतलेला असतो. किलकेनी काउंटीच्या दक्षिणेकडील बॅलीहेल शॅमरॉक्स हा क्लब १९७२ मध्ये स्थापन झाला. १९८१ मध्ये त्याने प्रथमच अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद पटकावले, तेव्हा संघात फेनेली घराण्यातील सात सख्खे भाऊ होते. २०२३ पर्यंत या क्लबच्या अजिंक्यपदांची संख्या नऊ झाली. लहानशा ग्रामीण पॅरिशचे हे यश एका वीराच्या कथेत मावणारे नाही. मुलांना शिकवणारे, मैदान राखणारे, गाड्यांतून संघ नेणारे, कपडे धुणारे अशा अनेकांचे श्रम त्यामागे असतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो आणि त्या कॅमोगी या स्त्रियांच्या खेळातून मैदानातही उतरतात. येथे विचारात घेतलेल्या कृतींत या श्रमांना स्थान नाही.

५. क्लॉइनचा धडा

स्थाननिष्ठेची कसोटी पाहायची तर ख्रिस्ती रिंग आणि क्लॉइन यांचे उदाहरण पुरेसे आहे. हर्लिंगच्या श्रेष्ठ खेळाडूंत गणले जाणारे रिंग हे पूर्व कॉर्कमधील क्लॉइन या गावचे. १९४१ पासून ते कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्स या क्लबकडून खेळले आणि त्या क्लबबरोबर त्यांनी चौदा काउंटी अजिंक्यपदे मिळवली. क्लॉइनमध्ये त्यांचा पुतळा आहे. त्यांची अजिंक्यपदे मात्र शहराच्या खात्यावर आहेत.

पुढे २००४, २००५ आणि २००६ अशी लागोपाठ तीन वर्षे क्लॉइनचा संघ कॉर्कच्या वरिष्ठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. वीरकथेच्या व्याकरणात या घटनेला जागा नाही. हातोडा फेकून गावाची अब्रू राखणारा मॅट येथे सापडत नाही. तरीही पहिल्या पराभवानंतर गाव दुसऱ्यांदा आणि दुसऱ्यानंतर तिसऱ्यांदा अंतिम सामन्यापर्यंत आले. अब्रू जिंकण्यात नसून पुन्हा संघ उभा करण्यात आहे, हा अर्थ काउंटी स्पर्धाच देऊ शकते.

रिंग यांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. ग्लेन रोव्हर्स, ब्लॅकरॉक, सेंट फिनबार्स हे कॉर्कचे बलाढ्य क्लब शहरी आहेत आणि त्यांची स्थाननिष्ठा खेड्यांहून उणी नाही. म्हणून हर्लिंगला केवळ खेड्याचा खेळ मानणे ही 'नॉकनागो'च्या छायेतील भाबडी समजूत ठरते. महत्त्व ठिकाणाचे आहे. ते ग्रामीणच असले पाहिजे असे नाही.

६. वेळ आणि माणसे

क्लबकडे झालेले दुर्लक्ष साहित्यापुरते मर्यादित नव्हते. काउंटी संघाची वाटचाल लांबली की क्लबचे सामने पुढे ढकलले जात. वसंतात एक सामना खेळलेल्या सामान्य खेळाडूला पुढच्या सामन्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे. या असंतोषातून २०१७ मध्ये क्लब खेळाडूंची स्वतंत्र संघटना निघाली. २०२१ मध्ये हंगामाच्या विभागणीचा निर्णय झाल्यावर ती विसर्जित झाली. २०२२ पासून काउंटी संघांची स्पर्धा जुलैत संपते आणि उरलेला हंगाम क्लबांना मिळतो. मोठे सामने लवकर संपल्याने खेळ लोकांच्या नजरेतून जातो, हा आक्षेप निराधार नाही. परंतु नजरेत राहणे आणि खेळायला मिळणे यांत निवड करायची झाली, तर दुसऱ्याचे पारडे जड मानावे लागते.

वेळेचा प्रश्न नियमाने सुटू शकतो. माणसांचा तसा सुटत नाही. लहान पॅरिशमधील तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शहरात किंवा परदेशी जातात. मुलांचे संघ भरत नाहीत म्हणून शेजारचे क्लब एकत्र येतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी एकाच रंगाचा सदरा घालतात. दुसरीकडे राजधानीच्या उपनगरांत मोठी लोकसंख्या पाठीशी असलेले क्लब प्रबळ झाले आहेत. २०१७ व २०१८ मध्ये डब्लिनच्या कुआला क्लबने, तर २०२५ मध्ये त्याच शहरातील ना फिएना क्लबने अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले.

येथे पेच उभा राहतो. पॅरिशची हद्द सैल केली तर संघ टिकेल, पण तो कोणाचा हे सांगणे कठीण होईल. हद्द कडक ठेवली तर ओळख टिकेल, पण मैदानात पंधरा माणसे उभी राहणार नाहीत. ज्या बंधनाने खेळाला अर्थ दिला तेच बंधन त्याच्या मुळावर येऊ शकते. गौरवाच्या भाषेला हा पेच दिसत नाही.

समारोप

वीरकथेने हर्लिंगला एकटा वीर दिला, किकम यांनी गाव दिले आणि जॉइस यांनी राष्ट्रवादी घोषणेचा पोकळपणा दाखवला. या तिन्हींचे मोल मान्य करूनही असे म्हणावे लागते की, काउंटी स्पर्धेतील क्लब यांपैकी कोणत्याच चौकटीत पूर्णपणे मावत नाही. शेजाऱ्याशी झुंजणारा, पराभवानंतर पुन्हा उभा राहणारा आणि अनेकांच्या अनाम श्रमांवर चालणारा समूह हे त्याचे स्वरूप आहे.

या समूहाच्या सर्वात जवळ पोहोचतात ते किकम. मात्र मॅटच्या विजयामुळे नव्हे, तर कादंबरीच्या शेवटामुळे. गाव नाहीसे झाल्यावर त्याची अब्रू कोण राखणार, हा प्रश्न त्यांनी १८७३ मध्येच वाचकांपुढे ठेवला होता. त्या काळी माणसांना घराबाहेर काढणारा जमीनदार होता. आज ती रोजगारामागे आपणहून निघून जातात. कारण बदलले, प्रश्न बदलला नाही. वारशाच्या यादीतील नोंद त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर दरवर्षी शरद ऋतूत, एखाद्या पॅरिशच्या मैदानावर पंधरा खेळाडू जमतात की नाही, यावरूनच मिळत राहील.