नायकुंडची भट्टी : धातुमळी किती बोलते?

विदर्भातले महापाषाणीय लोक आपल्याला ठाऊक झाले ते मुख्यतः शिळावर्तुळांतून, म्हणजे थडग्यांतून. त्यांचं जगणं मागेच राहिलं. म्हणून शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांचा नायकुंड उत्खननाचा (१९७८-८०) अहवाल मोलाचा. तिथे लोखंड गाळायची भट्टीच सापडली. आता धातुमळी तपासली की खनिज कसलं, भट्टी किती तापली, किती लोखंड मळीतच वाया गेलं, याचा अंदाज येतो. पण भाता कोण ओढत होतं, त्याला गावात मान होता का, हे रसायन सांगत नाही. आपण मात्र लगेच ‘लोहारांचा समाज’ म्हणून मोकळे होतो! नैयायिकांचा दाखला आठवा : धुरावरून अग्नी कळतो, तो कोणी पेटवला, ते नाही. अहवाल वाचताना ही रेघ आपणच आखायची.