परिमार्जनाचे तत्त्व आणि नोझिक यांची कथनरीती

रॉबर्ट नोझिक यांचा १९७४ चा 'अनार्की, स्टेट अँड यूटोपिया' हा ग्रंथ किमान राज्यसंस्थेचे समर्थन म्हणून वाचला जातो. त्यातील कथनरीतीकडे मात्र दुर्लक्ष होते. न्यायाची आपली संकल्पना इतिहासलक्षी आहे, असा नोझिक यांचा आग्रह आहे. मूळ संपादन न्याय्य आणि हस्तांतरण स्वेच्छेचे असेल, तर आजचे स्वामित्वही न्याय्य. या साखळीत बळजबरी वा फसवणूक शिरली असेल, तर परिमार्जनाचे तिसरे तत्त्व लागू व्हावे.

परंतु ग्रंथातील सर्वांत गाजलेला दृष्टान्त पाहावा. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा खेळ पाहण्यासाठी प्रेक्षक प्रत्येकी २५ सेंट स्वखुशीने देतात आणि तो धनाढ्य होतो. कथेचा आरंभ होतो तो वाचकाला न्याय्य वाटणाऱ्या कोणत्याही वाटपापासून. म्हणजे भूतकाळ आधीच वजा झालेला असतो. ज्या देशात कृष्णवर्णीयांचे देहही विकले गेले, त्या देशातील एका कृष्णवर्णीयाची ही कथा आहे, याची या युक्तिवादाला गंधवार्ताही नाही. परिमार्जनाच्या वाट्याला मात्र जेमतेम काही परिच्छेद येतात, तेही बहुतांशी प्रश्नार्थक.

अन्याय घडला नसता तर काय झाले असते, याचा अंदाज बांधून भरपाई ठरवावी, असे नोझिक सुचवतात. पण हानीचे असे मूल्यांकन पुरेसे ठरते का? ब्लॅक हिल्सचे प्रकरण येथे उद्बोधक आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने सू लोकांकडे राहिलेला हा प्रदेश, तेथे सोने सापडल्यावर, १८७७ च्या कायद्याने हिरावला गेला. तहानुसार तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती आवश्यक होती. सह्या मिळाल्या सुमारे १० टक्क्यांच्या. १९८० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. सू लोकांनी ती नाकारली. त्यांना भूमीच हवी आहे. या नकाराला भावनिक म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो नोझिक यांच्याच तत्त्वाशी अधिक प्रामाणिक आहे: जे विकलेच नाही त्याची किंमत घेणे म्हणजे बळजबरीला उत्तरकालीन संमती देणे.

परिस्थिती पालटली की जुना अन्याय निरस्त होऊ शकतो, असे जेरेमी वॉल्ड्रन यांनी १९९२ मध्ये प्रतिपादिले. नोझिक यांना ही वाट सहज खुली नाही. आजची गरज हा वाटपाचा निकष त्यांनीच फेटाळला आहे. सातव्या प्रकरणाच्या अखेरीस ते मान्य करतात की, गतकालीन अन्याय इतके मोठे असू शकतात की तात्पुरते का होईना, अधिक व्यापक राज्य आवश्यक ठरावे. त्या कबुलीने ग्रंथाचे मुख्य प्रतिपाद्यच स्थगित होते. आठवे प्रकरण मात्र ती कबुली दिलीच नसावी अशा थाटात सुरू होते.