खानेसुमारीतले नाव

मराठी कुलवृत्तांतांच्या अखेरीस आधारांची यादी असते. सनदांच्या नकला, बखरी, गॅझेटिअर यांच्या जोडीला तिच्यात 'खानेसुमारी, 1881' अशी एखादी ओळ पुष्कळदा आढळते. ओळ भारदस्त दिसते, पण ती वृत्तांतातल्या कोणत्या विधानाचा आधार आहे, लेखकाने मूळ कागद पाहिला की छापील अहवाल, आणि त्या कागदात घराण्याचे नाव आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाला ती उत्तर देत नाही.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद. पेशवाईतल्या पेठांच्या काही मोडी खानेसुमाऱ्यांत घरधन्याचे नाव मिळते. पुढे इंग्रजी अमलातल्या शिरगणतीलाही लोक खानेसुमारीच म्हणू लागले. 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री देशभर एकाच वेळी झालेली गणती ही त्यातली पहिली मोठी. तिच्या घरोघरच्या पत्रकांत नाव, वय, जात हे सारे होते. परंतु आकडे काढून झाल्यावर ती पत्रके जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. उरले ते छापील तक्ते. म्हणजे पहिल्या खानेसुमारीत माणूस सापडू शकतो, दुसरीत केवळ संख्या. 1901 साली कोल्हापूर संस्थानची वस्ती नऊ लाख दहा हजारांच्या घरात होती. त्या आकड्यात आपले पूर्वज आहेत हे खरे. पण कोणते, कुठल्या गावचे, हे तो आकडा सांगत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांचीही वाट बंद आहे. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 नुसार ती कोणाला पाहता येत नाहीत.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथली पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. 1921 ची 2022 च्या जानेवारीत झाली. अमेरिकेत ही मुदत 72 वर्षांची आहे. त्यामुळे तिथला वंशशोधक जनगणनेपासून सुरुवात करतो. त्यांची ही रीत आपल्याकडे आली, पण ज्या कागदांवर ती उभी आहे ते कागद इथे नाहीत.

दुसरा दोष दुहेरी मोजणीचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरवरचा खंड 1886 चा. त्यातले लोकसंख्येचे आकडे मुख्यतः 1881 च्या गणतीचेच. तरीही वृत्तांतकार गॅझेटिअर आणि शिरगणती असे दोन आधार लिहितो. साक्षीदार एकच, सह्या मात्र दोन.

म्हणून आधारांची मांडणी ग्रंथनामांच्या अकारविल्हे न करता, तो आधार किती जवळून बोलतो यावरून करावी. पहिला गट नावनिशीवार कागदांचा: जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार, इनामाची कागदपत्रे. दुसरा गट वंश सांगणाऱ्यांचा: आपल्या सीमाभागातले हेळवी, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यांत नावे भरपूर, काळ मात्र ताडून घ्यावा लागतो. तिसरा गट गाव-पेट्याच्या वा संस्थानच्या आकड्यांचा. शिरगणतीची जागा इथे. प्रत्येक नोंदीपुढे दप्तर, रुमाल, कागदाचा क्रमांक, आणि मूळ पाहिले की लिप्यंतर, हे लिहावे. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हा बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान दिला. कुलवृत्तांतांनी तो धडा निम्माच घेतला: कागद जमवले, पत्ता लिहिला नाही.

तिसऱ्या गटाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. 1872 आणि 1881 या दोन्ही गणत्यांत संस्थानची वस्ती आठ लाखांच्या आसपासच राहिली. मधे 1876-77 चा दुष्काळ आहे. 'दुष्काळात गाव सोडले' असे एखादे घराणे सांगत असेल, तर त्या आठवणीला हा आकडा पार्श्वभूमी देतो. पुरावा म्हणून तो पुरत नाही.

हा भेद आज केवळ हौशी संशोधकांचा राहिलेला नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटिअरसंबंधी शासन निर्णय निघाला. आपल्या भागात सातारा गॅझेटिअरची चर्चा चालू आहे. आरक्षणाच्या बाजूने बोला वा विरोधात, एक गोष्ट बदलत नाही: गॅझेटिअरमध्ये जातीची संख्या असते, आजोबांचे नाव नसते. शिवाय जातींची वर्गवारीही दर गणतीत सारखी नव्हती. आकडा समाजाबद्दल बोलतो, नोंद घराबद्दल. दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या मुलाला हा फरक कोणी आधी सांगितला, तर जाड ग्रंथाच्या झेरॉक्स काढण्यात जाणारे त्याचे महिने कोतवाल बुक आणि पुरालेखागारातले मोडी रुमाल पाहण्यात लागतील.

1931 नंतर सर्व जातींची गणना झाली नाही; ती आता 2027 च्या जनगणनेत होऊ घातली आहे. त्याही पत्रकांत पणतवंडांना आपले नाव शोधता येणार नाही. ते शोधता यावे असे वाटत असेल, तर आज हाताशी असलेल्या प्रत्येक कागदाचा पूर्ण पत्ता कुलवृत्तांतात लिहून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.