वाड्यांची फेरी आणि मागचा बोळ

पुण्याच्या जुन्या पेठांतून हल्ली 'वारसा फेरी' निघते. अशा एका फेरीबरोबर मीही हिंडलो. कोठे थांबायचे आणि कोठून झरझर पुढे सरकायचे हे फेरीत कोणीतरी आधीच ठरवलेले असते. म्हणून पुस्तकाची करतो तशी तिची समीक्षा करायला हरकत नसावी.

गाइड अभ्यासू होता, हे आधीच सांगतो. विश्रामबाग वाड्याचे सुरूचे खांब त्याने आवडीने दाखवले, आणि कात्रजचे पाणी नळातून शहरातल्या हौदांत कसे आणले तेही नीट समजावले. पेशवाईतले हे काम मोठेच. पण 'पाणी साऱ्या शहराला मिळाले' असे तो म्हणाला, आणि घोटाळा त्या 'साऱ्या' शब्दात आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शहरातले हौद त्यांना मोकळे असते तर याची गरजच काय होती?

विश्रामबागेत १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली, ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. गाइडने पाठशाळा सांगितली, कोणासाठी ते गाळले. बुधवार पेठेत फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा आता उरलेला नाही. वर्षानुवर्षे कोर्टकज्जात कुजलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली. फेरी तेथे दोन मिनिटे रेंगाळली.

वाड्याच्या दगडी जोत्यावर मात्र बराच वेळ गेला. चिरे कसे बसवले, चुना कसा मळला वगैरे. याच पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरले, असा आरोप तिने त्यात केला आहे. जोत्याविषयी एवढे बोलणाऱ्याने ही साक्ष वगळावी, याला विसर म्हणता येत नाही. पाया त्यांना वास्तुशास्त्राचा विषय वाटतो. मुक्ताला तो आपल्या माणसांचा वाटत होता.

मागच्या दाराने कोण येत असे, असे मी विचारले. 'नोकरचाकर,' असे उत्तर मिळाले. टोपलीचे संडास उपसून मैला डोक्यावरून नेणारी माणसे त्या बोळातून येत-जात, हे पेठेतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक आहे. बोळ नसता तर पुढचा चौक इतका सोवळा राहिला असता काय?

गंज पेठेतला फुलेवाडा शनिवारवाड्यापासून पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. या फेरीत तो नव्हता. विद्यार्थी घेऊन निघणाऱ्या शिक्षकांनी सुरुवात तेथूनच करावी, हौदापासून. मग बुधवारातून विश्रामबागेकडे यावे आणि वाटेत एखाद्या वाड्याच्या जोत्याशी उभे राहून मुक्ताचा निबंध एखाद्या मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. तो छोटाच आहे, फार वेळ लागत नाही.