संघर्षभूमीचे सौंदर्य : पालघर-तारापूर परिसर आणि मराठी समीक्षेची दृष्टी

प्रास्ताविक

काही प्रदेशांची ओळख तेथे घडलेल्या संघर्षांनी ठरते. तेथील माणसे कशी जगतात, काय पिकवतात, कोणती गाणी गातात याची चौकशी होण्याआधीच तेथे कोण लढले आणि किती मेले हे सांगितले जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेला पालघर जिल्हा अशा प्रदेशांपैकी एक होय. इतिहासाच्या पुस्तकात तो वसईच्या मोहिमेपुरता येतो. स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात १४ ऑगस्ट १९४२च्या गोळीबारात पालघर येथे हुतात्मा झालेल्या पाच जणांच्या रूपाने येतो. वृत्तपत्रांत तो १९९२मधील वावर-वांगणीचे बालमृत्यू, तारापूर औद्योगिक क्षेत्रातील अपघात आणि प्रदूषण, एप्रिल २०२०मधील गडचिंचले येथील हत्याकांड या निमित्तांनी येतो. या घटना खऱ्या आहेत आणि त्यांची नोंद होणे आवश्यकच आहे. प्रश्न एवढाच आहे, की या नोंदींतून ज्या भूमीचे चित्र उभे राहते ते त्या भूमीचे संपूर्ण चित्र आहे काय?

या प्रश्नाला एक आक्षेपही जोडलेला आहे. जेथे भूक आणि विस्थापन आहे तेथे सौंदर्याविषयी बोलणे म्हणजे वास्तवापासून पळ काढणे होय, असे गंभीर अभ्यासकांना वाटते. प्रस्तुत लेखात महिकावतीची बखर, गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आणि वारली चित्रपरंपरा यांच्या आधारे या आक्षेपाचा विचार केला आहे.

बखरीतील मुलूख

पालघरनजीकच्या केळवे-माहीमचे प्राचीन नाव महिकावती. या नावाची बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या काळांत रचलेल्या प्रकरणांची मिळून ती बनली असून तिचा जुना भाग पंधराव्या शतकातील केशवाचार्यांकडे जातो. तिचे वाचन बहुधा दोन अंगांनी झाले आहे. एक, राजवंशांची आणि लढायांची साधनसामग्री म्हणून आणि दुसरे, 'महाराष्ट्रधर्म' या संकल्पनेचा जुना पुरावा म्हणून. दोन्ही वाचने युद्ध आणि सत्ता यांभोवती फिरतात.

परंतु बखरीत कुळे आहेत, वृत्ती आहेत, गावांची नावे आहेत. कोणते कूळ कोणत्या गावी वसले याचा तपशील ती चिकाटीने देते. लढाई हा या वसाहतीच्या कथेतील एक टप्पा आहे. कथेचा गाभा मात्र वसणे हाच आहे. केळवे-माहीमच्या पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्या पाहिल्या, की बखरीतील गावांच्या याद्या कोरड्या वाटेनाशा होतात. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर गोडे पाणी राखून बाग उभी करणे हे पिढ्यांचे काम असते.

हीच गोष्ट किल्ल्यांची. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी जिंकला आणि त्या लढाईत बाजी भिवराव कामी आले. किल्ला आपल्या स्मरणात राहिला. ज्या किनाऱ्यावर तो उभा आहे तेथील कोळीवाडे, बागायत आणि खाडी मात्र त्या स्मरणाबाहेर राहिली. स्मरणाची ही निवड हे एक मूल्यमापन आहे आणि समीक्षेने ते तपासले पाहिजे.

गवताची दोन रूपे

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७०मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठबिगार आणि लग्नगडी या पद्धतींखाली पिचलेल्या वारल्यांनी १९४५मध्ये उभारलेल्या लढ्याचे ते प्रत्यक्षदर्शी कथन आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे झालेली सभा आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेला गोळीबार ही या लढ्याची दोन ठळक स्थळे होत. गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले.

या पुस्तकाला निसर्गसौंदर्याच्या दृष्टीने पाहणे प्रथमदर्शनी अनुचित वाटेल. परंतु लढ्याचे एक कारण लक्षात घेतले पाहिजे. किसान सभेची एक प्रमुख मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी ही होती. पावसाळ्यानंतर डहाणू-तलासरीच्या माळांवर गवत पिवळे पडू लागते, तेव्हा प्रवाशाला ते सोन्यासारखे दिसते. १९४५च्या ऑक्टोबरात हेच गवत संपाचे कारण होते. प्रवाशाचे गवत आणि मजुराचे गवत अशी दोन गवते नाहीत. गवत एकच आहे. जो केवळ त्याचा रंग पाहतो त्याला ते अर्धे दिसते. जो केवळ मजुरीचा दर पाहतो त्यालाही ते अर्धेच दिसते, कारण ज्या माळावर राबणाऱ्याने आपला हक्क सांगितला तो माळ त्याला प्रिय होता, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.

आपल्या समीक्षेने या पुस्तकाचा चळवळीचा दस्तऐवज म्हणून योग्य तो गौरव केला. मात्र पुण्यात वाढलेली, कायद्याचे शिक्षण घेतलेली लेखिका पाड्यापाड्यांतून राहू लागली, तेव्हा तिला केवळ शोषितांचा समूह दिसला नाही. तिला हसणारी, नाचणारी, संकोचणारी आणि हळूहळू धीट होणारी माणसे दिसली. पुस्तकाचे शीर्षक 'वारली' न म्हणता 'माणूस' म्हणते, हे यादृष्टीने सूचक आहे. माणसाला पूर्णपणे पाहणे हीच या लेखनातील सौंदर्यदृष्टी होय आणि तिच्याशिवाय लढ्याची हाक देता आली नसती.

चौकातील योद्धा

वारली भिंतीवरील लग्नचौक हा सवाशिणींनी काढावयाचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने तो रेखला जातो. मध्यभागी पालघाट देवी असते आणि चौकाभोवती झाडे, प्राणी, शेतीची कामे, तारपानृत्य यांची चित्रे असतात. धवलेरी लग्नविधीची गाणी गातात. गाणे आणि चित्र ही दोन्ही एकाच विधीची अंगे आहेत.

या परंपरेतील देवचौकात पंचशिऱ्या हा रक्षक देव योद्ध्याच्या रूपात येतो. काही चित्रांत तो शिरविरहित असून त्याच्या धडातून धान्याचे पाच कोंब फुटलेले दाखवतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही प्रतिमा अत्यंत महत्त्वाची आहे. वारली चित्रकर्तीने योद्ध्याला वगळले नाही, त्याचा पराक्रमही नाकारला नाही. तिने त्याचे शौर्य धान्यात रूपांतरित केले. रक्षण कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या कोंबांत आहे.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांचे नाव सर्वदूर झाले. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारल्यांचा उठाव झाला तेव्हा ते जेमतेम अकरा वर्षांचे होते आणि त्यांचे गाव त्याच डहाणू तालुक्यातील. तरीही बंदूक हा त्यांच्या चित्रांचा विषय झाला नाही. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळ्याची वीण जवळजवळ सर्व अवकाश व्यापते आणि माणसे लहान दिसतात. याला पलायन म्हणता येईल काय? तसे म्हणता येणार नाही. या चित्रांत कोणी रिकामा बसलेला क्वचितच आढळतो. लावणी, कापणी, मळणी, मासेमारी अशी कामे चालू असतात आणि या कामांचा मालक चित्रात कोठेही नसतो. वेठबिगारी जिच्या स्मरणात आहे त्या पिढीने मालकाविना श्रमाचे चित्र काढणे, हे उठावाचे फलित निराळ्या भाषेत मांडणे होय.

सौंदर्याचे धोके

असे असले तरी सौंदर्यदर्शनाची बाजू निर्दोष नाही. २०१४मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. तथापि तिच्या आकृत्या आज हॉटेलांच्या भिंतींवर, कपांवर आणि पिशव्यांवर संदर्भाविना छापल्या जातात. ज्या विधीत त्या जन्मल्या तो गळून पडतो. दुसरे असे, की जी कला मुळात स्त्रियांची होती तिचे ख्यातकीर्त कलावंत मुख्यतः पुरुष ठरले. तिसरा धोका पर्यटनाचा आहे. केळव्याची सुरूबने आणि जव्हारचा दाभोसा धबधबा पाहून परतणाऱ्यास रोजगारासाठी पावसाळा संपताच गाव सोडणारी कुटुंबे दिसत नाहीत. सौंदर्य वस्तूत रूपांतरित झाले, की ते भूमीची ओळख वाढवत नाही. उलट तिच्यावर आणखी एक पडदा टाकते.

म्हणून येथे एक निकष सुचवावासा वाटतो. ज्या सौंदर्यदर्शनात तेथे राहणारा व राबणारा माणूस दिसतो ते ग्राह्य मानावे; ज्यातून तो वगळला जातो ते सजावट समजावे.

समारोप

या चर्चेला निव्वळ वाङ्मयीन मूल्य आहे असे नाही. १९६९मध्ये तारापूरची अणुवीज केंद्रे सुरू झाली. पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवावी लागली. १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. २०२४मध्ये त्याच तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली असून मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. एखादा प्रकल्प हवा की नको हा या लेखाचा विषय नाही. परंतु असा निर्णय घेताना प्रदेश कसा वर्णिला जातो, याला निर्णायक महत्त्व असते. 'मागास', 'कुपोषित', 'अशांत' एवढीच ज्याची ओळख आहे त्या मुलुखात गमावण्यासारखे काही आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? ज्याचे वर्णनच झाले नाही त्याची भरपाई मोजता येत नाही.

बोईसर-पालघर भागातील महाविद्यालयांत आज कोळी, वाडवळ, वारली, मल्हार कोळी आणि परप्रांतातून आलेल्या कामगारांची मुले एकाच वर्गात बसतात. आपल्या भूमीविषयी त्यांनी जे छापील वाचलेले असते ते बहुतांशी इतरांनी आणि संकटकाळी लिहिलेले असते. आपण मराठीच्या अभ्यासक्रमात उठावाचे कथन ठेवावे, त्याशेजारी लग्नचौकाचे वाचन आणि कविता महाजन यांनी संकलित केलेली वारली लोकगीतेही ठेवावीत. गोळीबाराची तारीख विद्यार्थ्यास माहीत असावी आणि ज्या गवतासाठी तो झाला ते गवत ओळखताही यावे. पंचशिऱ्याच्या धडातून फुटलेले कोंब हे याच दुहेरी दृष्टीचे चिन्ह आहे. ती दृष्टी या मातीत पूर्वीपासून आहे. मराठी समीक्षेने तिची दखल घ्यावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.